लॅपटॉपमधून बारीक "चीं..." असा आवाज येऊन राहिलाय? आधी कुठून येतो ते शोधा

मे महिन्यात नागपुरात हा आवाज कोणालाच ऐकू येणार नाही, खिडकीतला कुलर एवढा घोंगावत असतो की आईनं आतून हाक मारली तरी कळत नाही. माझ्या छोट्या ११.६ इंची लॅपटॉपचा आवाज मला कळला तो थंडीत, रात्री बारा वाजता, सगळं घर झोपलेलं असताना. डासासारखा बारीक, आणि गंमत म्हणजे ह्या लॅपटॉपला पंखाच नाही, हार्ड डिस्कही नाही, म्हणजे आत फिरणारं काहीच नाही. मग ओरडून कोण राहिलं बाप्पा?

सगळ्यात आधी आवाज खरंच लॅपटॉपचाच आहे का ते बघा. हसू नका, मी दोन रात्री लॅपटॉपला शिव्या घातल्या आणि एक आवाज निघाला एक्स्टेन्शन बोर्डात तसाच लावून ठेवलेल्या मोबाईल चार्जरचा. तर पंखा बंद, एलईडी बल्ब बंद, सगळे चार्जर काढा, इन्व्हर्टर जवळ असेल तर दुसऱ्या खोलीत जा. मग लॅपटॉप पूर्ण शटडाऊन करून ऐका, चालू करून ऐका. आणि घरात लहान पोरं असतील तर त्यांना बसवा, वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज आपल्याला ऐकू येणं कमी होतं, त्यामुळे जे मला "थोडंसं काहीतरी" वाटत होतं ते माझ्या भाचीला दारातून ऐकू येत होतं.

आता जागा शोधायची. कागदाची बोटभर जाडीची नळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं कीबोर्डवरून सावकाश फिरवा, मग खालून, मग चार्जिंगच्या पिनजवळ. एकदम एका जागी आवाज टोकदार होतो, माझ्याकडे तो एस्केप बटणाच्या खाली होता. तिथे पेन्सिलनं खूण करून ठेवा. मोबाईलवर आवाजाचा स्पेक्ट्रम (कुठल्या पट्टीचा आवाज किती आहे त्याचा आलेख) दाखवणारं फुकटचं अ‍ॅप मिळतं, त्यात एक बारीक उभी रेघ उठून दिसते, ८-१० किलोहर्ट्झ किंवा त्याच्याही वर. रेघ ५० किंवा १०० हर्ट्झजवळ असेल तर ती घरच्या लाईनची घरघर आहे, तो वेगळा विषय.

मग चार्जर काढा. आवाज तिथंच थांबला तर दोन शक्यता, चार्जरचा ठोकळा नाहीतर लॅपटॉपच्या आतलं चार्जिंग सर्किट. पिन लॅपटॉपमधून काढा, ठोकळा भिंतीत राहू द्या आणि त्याच्याजवळ कान न्या (चिकटवू नका, २३० व्होल्ट आहेत). लोड नसला की बरेच चार्जर वीज वाचवायला थांबून थांबून काम करतात आणि किरकिरतात, ते नॉर्मल आहे. पण चरचर येत असेल, जळका वास येत असेल, किंवा ठोकळा हात ठेववत नाही इतका तापत असेल तर पुढचं काही वाचू नका, मेन स्विच बंद करून काढा आणि चार्जर बदला. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तरी तेच, वापर बंद.

बॅटरीवरही आवाज येतोच? ब्राइटनेस फुल करा, मग अर्धा, मग अगदी कमी. काही स्क्रीनचा उजेड कमी करायला बॅकलाईट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद केला जातो, तोच ऐकू येतो, आणि फुल ब्राइटनेसवर गायब होतो. गायब झाला तर उत्तर मिळालं.

माझा झाला नाही. मग खरी मजा, एखादं लांब पान उघडा आणि टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल करत रहा. माझ्याकडे स्क्रोल करताना चीं चा चिर्र चिर्र व्हायचा आणि बोट उचललं की परत चीं. म्हणजे प्रोसेसरच्या कामाप्रमाणे आवाज बदलतो. होतं काय, प्रोसेसरला वीज देणाऱ्या सर्किटमध्ये तारेच्या छोट्या कॉइल असतात आणि बाजूला सिरॅमिक कपॅसिटर. करंट बदलला की कॉइल थरथरते, व्होल्टेज बदललं की सिरॅमिक किंचित फुगतं-आकसतं, आणि खालचा बोर्ड स्पीकरच्या पडद्यासारखा हलतो. सर्किटचा स्वतःचा वेग लाखो हर्ट्झचा, तो माणसाला ऐकू येत नाही (आपली हद्द साधारण २० किलोहर्ट्झ). पण प्रोसेसर रिकामा असला की वीज वाचवायला सेकंदाला हजारो वेळा झोपतो आणि उठतो, ती उठबस कानाच्या टप्प्यात येते. म्हणून उलटं वाटेल, पण काम नसतानाच आवाज जास्त आणि जड काम दिलं की गप्प, असंही होतं. गेम खेळताना मात्र वाढतो, तिथे फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दाखवायची ते) ६० वर बांधून बघा.

आवाज फक्त हेडफोन किंवा स्पीकरमधूनच येतो आणि म्यूट केल्यावर जातो, तर हे सगळं सोडा, ते ऑडिओचं दुखणं आहे, चार्जर काढून फरक पडतो का एवढं बघा. पंखा असेल आणि त्याच्याबरोबर आवाज चढतो-उतरतो तर धूळ किंवा बेअरिंग. हार्ड डिस्कवाल्यांनी आधी बॅकअप घ्या, मग ऐकत बसा.

कॉइलचाच निघाला तर धोका काही नाही, फक्त डोकं उठतं. बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारं लॅपटॉपचं सेटिंग) सी-स्टेट्स, म्हणजे प्रोसेसरची ती वीज वाचवायची झोप, नावाचा ऑप्शन असेल तर बंद करून बघा, बऱ्याचदा आवाज जातो, पण बॅटरी लवकर उतरते आणि मशीन जास्त तापते, नागपूरच्या ४५ डिग्रीत मी तरी ठेवणार नाही. खाली जाड टॉवेलची घडी ठेवू नका, हवा कोंडते, चार रबरी पाय चिकटवा, टेबल घुमणं कमी होतं. आणि यूट्यूब बघून कॉइलवर ग्लू किंवा नेलपॉलिश ओतायला जाऊ नका राव.

दुकानात नेणार असाल तर रात्रीचं रेकॉर्डिंग सोबत न्या, चार्जरसह, चार्जरशिवाय आणि स्क्रोल करताना, असं तीनदा. मी सीताबर्डीत तसाच घेऊन गेलो, बाहेर ऑटोचे हॉर्न, आत त्यांचा कुलर, तो भाऊ कान लावून म्हणतो काही आवाज नाही, आणि लगेच पुढच्या वाक्यात म्हणतो मदरबोर्ड बदलावा लागेल. दुसऱ्या दुकानवाल्याला रेकॉर्डिंग ऐकवलं, त्यानं दहा सेकंदांत फोन परत दिला. "कॉइल आहे, वापरा." पैसेही घेतले नाहीत.