नव्या फिशटँकसाठी जुन्या फिल्टरचा स्पंज

नवा टँक भरून लगेच मासे सोडले की ते पहिल्या काही आठवड्यांत मरू लागतात. त्यांच्या विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू टँकमध्ये अजून तयार झालेले नसतात. ते आपोआप वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. ही वाट बरीच कमी करता येते.

१. बरेच महिने चाललेला टँक कुणाकडे असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून घ्या. हे जिवाणू त्या स्पंजात आधीच वाढलेले असतात.

२. त्याच टँकच्या पाण्यात बुडवून, डब्यातून आणा आणि त्याच दिवशी आपल्या फिल्टरमध्ये बसवा. मळकट दिसला तरी नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने जिवाणू मरतात. नव्या टँकच्या पाण्यातही आधीच अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घाला.

३. ५० लिटरला ३-४ गप्पीच सोडा, खाणं चिमूटभर. फिल्टर रात्रीही चालूच हवा. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून जिवाणू बनवतात ते, तेही विषारी) शून्य दिसत राहिले की मगच बाकीचे मासे आणा.

स्पंज देणाऱ्याच्या टँकमध्ये हल्ली कुठला मासा आजारी होता का, अंगावर पांढरे ठिपके होते का, हे आधी नक्की विचारा. रोगही स्पंजाबरोबर येतो.