गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते: माझा अनुभव

शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी नुसती टकटक करायची. दुसऱ्या बॅटरीला केबलने जोडून जम्प दिला की लगेच चालू. बॅटरी बदलली, टर्मिनल घासले, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासला (इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत). तरी तेच. मुलं दप्तर पाठीला लावून उभी आणि गाडी हलेना, अगदी जीव मेटाकुटीला यायचा.

शेवटी शनिवारी, बंद गाडी बॅटरीतून किती करंट खाते ते मोजायला मल्टिमीटर घेऊन बसलो. बॉनेट उघडं, बाकी सगळं बंद, किल्ली घरात. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि मीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून केबल व टर्मिनलच्या मध्ये जोडला. मग अर्धा तास हात लावायचा नाही. गाडीतली कंट्रोल युनिट्स (छोटे कॉम्प्युटर) झोपायला वेळ घेतात, घाईतलं रीडिंग फसवतं. मीटर जोडलेला असताना इग्निशन अजिबात चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

रीडिंग आलं ०.४५ अँपिअर. साधारण ०.०५च्या आत हवं. बॉनेटखालचे फ्यूज एकेक काढून परत लावत गेलो. आतल्या दिव्यांचा काढताच आकडा ०.०३!

पण दिवा कुठला? मुलीने फोनवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला, झाकण लावलं. व्हिडिओत दिवा लख्ख पेटलेला. झाकणाने आत दाबली गेली की दिवा बंद करणारी डिकीच्या स्विचची पिन धुळीने बाहेरच अडकली होती. स्विच काढला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिन मोकळी होईपर्यंत दाबत राहिलो, परत बसवला. पुन्हा मोजलं: ०.०३.

सोमवारी गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली.