वजन अडून बसले की शेड्यूल कसे बदलावे

नाशिकमधल्या कोणत्याही जिममध्ये संध्याकाळी डोकावल्यास बेंचपाशी असा एक तरी जण भेटतो, ज्याचे बेंच प्रेसचे (बेंचवर उताणे झोपून छातीवरून वर ढकलायच्या बारचे) वजन दोन-तीन महिने 60 किलोवरच अडलेले असते आणि तेवढ्या काळात त्याने तीन शेड्यूल बदललेली असतात. शेड्यूल चुकीचे असण्यापेक्षा ते दर पंधरा दिवसांनी बदलणे हेच बहुतेकांना नडते, असे माझे मत आहे.

म्हणून आधी वजन खरोखर अडले आहे का, हे वहीवरून तपासावे. तारीख, वजन, सेट (मध्ये न थांबता केलेली एक फेरी) आणि प्रत्येक सेटमधील रेप्स (त्या फेरीत वजन किती वेळा उचलले) एवढे लिहिले तरी पुरते. (मोबाईलमध्ये लिहीन म्हणत मी वर्षभर काहीच लिहिले नव्हते; दोनशे पानी वहीच बरी.) मागच्या आठवड्यात शेवटच्या सेटला चार रेप्स झाल्या आणि या आठवड्यात पाच झाल्या, तर वजन तेच असले तरी ती प्रगतीच आहे. झोप आणि जेवण नेहमीसारखे असूनही सलग तीन आठवडे एकही रेप वाढली नाही, तरच शेड्यूलला हात लावावा. खांदा किंवा कोपर दुखत असल्याने वजन उचलले जात नसेल, तर तो डॉक्टरांना दाखवण्याचा विषय आहे.

त्यानंतर प्लेटा, म्हणजे बारला दोन्ही टोकांना लावायच्या वजनाच्या चकत्या, पाहाव्यात. जिममधली सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असेल, तर दोन्ही बाजूंना मिळून एकदम पाच किलो वाढतात. शंभर किलोच्या स्क्वॅटला (बार खांद्यांवर घेऊन मारायच्या बैठकीला) ही वाढ पाच टक्के होते, पण 60 किलोच्या बेंच प्रेसला आठ टक्क्यांहून अधिक, आणि एवढी उडी एका आठवड्यात सहसा झेपत नाही. सव्वा किलोच्या दोन प्लेटा स्वतः विकत घेऊन बॅगेत ठेवल्या, तर काहींचे काम तेवढ्यावरच होते.

तेवढ्यानेही भागले नाही, तर एक आठवडा हलका घ्यावा: व्यायाम तेच ठेवावेत, सेट निम्मे करावेत आणि वजन दहा टक्क्यांनी उतरवावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी बदलत असणाऱ्यांनी हा आठवडा रात्रपाळीच्या आठवड्यातच घ्यावा, कारण तेव्हा झोप तशीही मोडलेली असते.

खरा बदल त्यापुढचा. आपल्याकडे सोमवारी छाती, मंगळवारी पाठ अशी वाटणी सर्रास असते, त्यामुळे बेंच प्रेस आठवड्यातून एकदाच होतो. समजा, सोमवारी 60 किलोचे पाच-पाच रेप्सचे पाच सेट होतात. म्हणजे एकूण 1,500 किलो. त्याऐवजी सोमवारी 60 किलोवरच तीन रेप्सचे पाच सेट मारावेत आणि गुरुवारी 50 किलोवर आठ रेप्सचे तीन. सोमवारचे 900 आणि गुरुवारचे 1,200 मिळून आठवड्याचे काम 2,100 किलोंवर जाते, तरी कोणत्याही एका दिवशी दमछाक होत नाही. सोमवारी प्रत्येक सेटनंतर आणखी एक-दोन रेप्स निघाल्या असत्या असे वाटले पाहिजे. पाचही सेट तसे निघाले की पुढच्या सोमवारी अडीच किलो वाढवावेत. गुरुवारी आधी रेप्स आठवरून दहापर्यंत न्याव्यात, मगच वजन वाढवावे.

सहा ते आठ आठवडे यात दुसरे काहीही बदलू नये. व्यायाम, वजन आणि आहार एकाच वेळी बदलल्यास कशाचा गुण आला, हे कधीच कळत नाही.

स्क्वॅट अडला असेल, तर एक प्रश्न स्वतःला विचारावा: रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या धावत चढून सोमवारी जड स्क्वॅट मारतो का? तसे असल्यास शेड्यूल तसेच ठेवून स्क्वॅट बुधवारी न्यावा. आहाराचे थोडक्यात सांगायचे, तर शरीराच्या दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 70 किलोच्या माणसाला साधारण 112 ग्रॅम. चढून उतरल्यावर खाल्लेल्या मिसळीतल्या मटकीवर हा हिशेब भागत नाही.

आठवडे पूर्ण झाले की पुन्हा एक हलका आठवडा घ्यावा आणि त्यानंतरच्या सोमवारी 65 किलोवर पाच रेप्सचा एकच सेट करून पाहावा. त्या दिवशी बेंचच्या डोक्याशी एक जण उभा हवा, आणि तुम्ही सांगेपर्यंत त्याने बारला बोट लावायचे नाही, हे त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावे.