पहिल्यांदा मुंबई पाहायला जाताना: निघण्याआधीची तयारी

तूर सोंगून झाली, हरभऱ्याचे घाटे भरू लागले, की विदर्भातल्या कास्तकाराला आठ-दहा दिवसांची उसंत मिळते. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हे ते दिवस. घरच्यांना मुंबई दाखवायची तर तेव्हाच. दिवाळीत सोयाबीन-कापूस घरात यायचा असतो आणि गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, उन्हाळ्यात लग्नसराई असते आणि मुंबईत घामाच्या धारा, तर पावसाळ्यात दर्या खवळला की घारापुरी बेटाच्या (एलिफंटाच्या) बोटी बंद ठेवतात. 26 जानेवारीला लागून येणारा शनिवार-रविवार तेवढा टाळायचा.

महिना ठरला की वार ठरवा. निम्म्या सहली चुकतात त्या वारामुळे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद, सिद्धिविनायकाला मंगळवारी रांग हटत नाही आणि रविवारी सगळी मुंबईच फिरायला बाहेर पडते. हे वजा केलं की उरतात गुरुवार, शुक्रवार, शनिवार. म्हणजे बुधवारी संध्याकाळी गाडीत बसायचं, शनिवारी संध्याकाळी मुंबई सोडायची आणि रविवारी सकाळी परत. पोरांची अडीच दिवस शाळा बुडते, तेवढं गुरुजींना आधी सांगून ठेवावं.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी, सकाळी 8 वाजता उघडतं. हिशेब केला तर बुधवारच्या गाडीचं आरक्षण एका शनिवारी उघडतं आणि परतीच्या शनिवारच्या गाडीचं त्यानंतरच्या मंगळवारी. इथेच लोक फसतात. जाण्याचं तिकीट हातात आलं की पेढे वाटतात आणि परतीचं 'काढू पुढच्या आठवड्यात' म्हणून राहून जातं. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. विदर्भ एक्सप्रेस सोयीची: वर्धा, बडनेरा, अकोल्याहून संध्याकाळी-रात्री बसलं की सकाळी मुंबईत. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण बसतात, पण आजी-आजोबा सोबत असतील तर त्या दोघांचं तिकीट वेगळं काढलेलं बरं. खालच्या बर्थचा जो ज्येष्ठांचा कोटा आहे, तो एका तिकिटावर एक किंवा दोनच जण असले तर लागतो. डबा वेगळा आला तर एका मोठ्या माणसाने जागा बदलून घ्यावी. पाच वर्षांखालच्या लेकराला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या पोराला बर्थ घेतला तर पूर्ण भाडं पडतं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत रेल्वेने 2020 सालीच बंद केली. एसटीत मात्र बायांना अर्धं तिकीट आणि 75 वर्षांवरच्यांना फुकट, म्हणून आधार कार्ड गावातून निघतानाच वरच्या खिशात हवं. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं. ते घेऊन गाडीत चढू नये.

घरामागची सोय याच वेळी लावायची. जनावरांचं दूध कोण काढणार, हरभऱ्यावर रानडुकरं-रोही (नीलगाई) येतात तर जागलीला कोण जाणार, त्या आठवड्यात ओलिताची लाइन (वीज) रात्रीची आहे की दिवसाची, हे शेजाऱ्याशी पंधरा दिवस आधी बोलून ठेवावं. नाहीतर गेटवेवर उभं राहूनही लक्ष विहिरीवरच्या मोटारीत असतं.

मुक्काम सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशन) किंवा फोर्ट भागातच घ्या. दूरच्या उपनगरात खोली स्वस्त मिळते, पण घरची सहा माणसं धरली तर रोजच्या जाण्यायेण्यात ती स्वस्ताई विरघळते आणि म्हातारी माणसं दमतात ती वेगळी. फोनवर एकच प्रश्न नेमका विचारायचा: खोली 24 तासांच्या हिशेबाने आहे की दुपारी 12 ला सुरू होते? गाडी सकाळी पोचते, 12 चा हिशेब असला तर आंघोळीविना चार-पाच तास बाहेर काढावे लागतात. आमदाराच्या पत्रावर खोली मिळेल, या भरवशावर बायका-पोरांना घेऊन जाऊ नये.

सामान सहा जणांना तीन बॅगा आणि शिदोरीची एक थैली, बस. चुंगडी (पोतं) नको, तिला कुलूप लागत नाही आणि स्टेशनच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेलं सामान ठेवून घेत नाहीत. थंडीचे कपडे रेल्वेपुरतेच, मुंबईत दुपारी स्वेटर ओझं होतो. नवीन बूट-चपला घ्यायच्याच असतील तर पंधरा दिवस आधी घेऊन वावरात घालून फिरा. कोऱ्या चपलेने पहिल्याच दिवशी टाच सोलते आणि उरलेले दोन दिवस माणूस बसायला जागा शोधत राहतो. बीपी-शुगरच्या गोळ्या लागतात त्यापेक्षा दोन दिवसांच्या जास्त घ्या आणि बॅगेत न टाकता कमरेच्या पाकिटात ठेवा.

शिदोरीला पोळ्यांपेक्षा दशम्या बऱ्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. चार मोठे आणि दोन पोरं, रात्रीचं आणि सकाळचं धरून तीस दशम्या पुरतात, सोबत पावशेर जवसाची चटणी, आलूची सुकी भाजी रात्रीपुरती आणि चिवडा. बिघडतं ते बांधण्यात. तव्यावरून उतरलेली दशमी तशीच डब्यात घातली तर वाफ धरते, खालच्या चार ओल्या होतात आणि सकाळी आंबट वास येतो. सुती कपड्यावर एकेक पसरून पूर्ण गार करायची, मगच फडक्यात बांधायची.

आता फिरणं. दिवसाला दोन ठिकाणं, तिसरं नाही. गुरुवारी आंघोळ, झोप, मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि तिथून चालत गेटवे. 1924 साली पूर्ण झालेली ती कमान पोरांच्या पुस्तकातल्या चित्रासारखीच दिसते. सूर्य साडेसहाच्या सुमारास बुडतो, सहाच्या आत मरीन ड्राइव्हला पोचा. काळी-पिवळी टॅक्सी मीटरवर 31 रुपयांपासून सुरू होते आणि चारच जण घेते, म्हणून सहा जणांना दोन टॅक्सी. प्रत्येक टॅक्सीत एक फोनवाला मोठा माणूस आणि दोन्ही ड्रायव्हरांना उतरायचं ठिकाण एकच, शब्दही तोच. ऑटो दक्षिण मुंबईत चालत नाहीत, शोधत बसू नका.

शुक्रवारी घारापुरी. गेटवेवरून सकाळी 9 च्या सुमाराची पहिली बोट धरा, जायला तासभर लागतो. लाइफ जॅकेट दिलं की घालायचं, फोटोसाठी काढायचं नाही. ज्यांना एसटीत मळमळतं त्यांना बोटीतही मळमळेल. त्यांनी पोटभर नाश्ता करू नये आणि खालच्या मजल्यावर मधोमध बसावं. वर जायला सुमारे 120 पायऱ्या आहेत. आजीचे गुडघे दुखत असतील तर डोली मिळते, पैसे चढण्याआधी ठरवा. लेण्यांचं तिकीट 40 रुपये, 15 वर्षांखालच्या पोरांना नाही. खाण्याची पिशवी हातात दिसली की माकडं ती ओढतात. दुपारी परत येऊन खोलीवर दोन तास पडायचं, संध्याकाळी गिरगाव चौपाटी. आपल्याकडे नदीचं पाणी चढलं तर दिवसभर कळतं, समुद्राचं तासाभरात पायाखाली येतं आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्या दिवशीची वेळ चौपाटीवरच्या जीवरक्षकाला विचारा. चपला पाण्यापासून लांब ठेवा.

लोकलमध्ये बसायची हौस शनिवारी सकाळी भागवा, तीही गर्दीच्या उलट दिशेने. सकाळी सगळी मुंबई सीएसएमटीकडे येत असते, तिथून सुटणाऱ्या गाड्या तशा मोकळ्या असतात. भायखळा तिसरं स्टेशन: मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. हार्बरची गाडी तिकडे जात नाही, म्हणून इंडिकेटरवर कल्याणकडची धीमी गाडी पाहूनच चढायचं. बायांचा डबा वेगळा असतो, पण पहिल्यांदा सगळे एकाच साध्या डब्यात बसा. गाडी मधल्या स्टेशनावर अर्धा मिनिटही थांबत नाही, सँडहर्स्ट रोड गेलं की दाराशी उभं राहायचं. आजोबा पुढे, पोरं मधे, सगळ्यात शेवटी धडधाकट माणूस. कोणी गाडीतच राहिलं तर त्याने पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच उभं राहायचं, आणि फलाटावर राहिलेल्याने जागा सोडायची नाही. हे घरी दोनदा तोंडपाठ करून घ्या. पोरांच्या खिशात बापाचा नंबर आणि लॉजचं नाव लिहिलेली चिठ्ठी हवीच, फोनवाल्या पोरांच्यासुद्धा.

भायखळ्याला पूर्वेकडे उतरलं की राणीची बाग चालत दहा मिनिटांवर. पेंग्विन आधी पाहून घ्या, दुपारनंतर तिथे रांग वाढते. जुन्या लोकांनी तारापोरवाला मत्स्यालय सांगितलेलं असतं. ते बरीच वर्षं बंद आहे, पोरांना त्याचं आमिष दाखवू नका. सिद्धिविनायक करायचाच असेल तर शनिवारी पहाटे, सीएसएमटीहून भुयारी मेट्रोने. मंदिराच्या नावाचंच स्टेशन आहे.

शनिवारी खोली सोडताना बॅगा क्लोकरूममध्ये टाका, पावती तिकिटासोबत ठेवा, आणि गाडीच्या दीड तास आधी त्या परत घ्या, तिथेही रांग असते. रविवारी एसटीच्या फेऱ्या कमी असतात. स्टेशनवरून गावाकडची पहिली गाडी किती वाजता आहे, हे निघायच्या बुधवारीच बसस्टँडवर विचारून तिकिटाच्या मागे लिहून ठेवा.