नकोसे ईमेल : चुकीचे बटण दाबण्याआधी

इनबॉक्समध्ये साचणाऱ्या नकोशा मेलना बहुतेक जण एकाच तागडीत तोलतात, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात. वास्तविक त्यांत तीन निरनिराळ्या जाती असतात. पहिली जात, आपणच कधीतरी बिलाच्या काउंटरवर किंवा ॲपमध्ये पत्ता देऊन ओढवून घेतलेल्या जाहिरातींची. दुसरी, खऱ्याखुऱ्या संस्थांनी पाठवलेल्या पण दुसऱ्याच कोणासाठी असलेल्या मेलची. तिसरी, निव्वळ फसवणुकीच्या हेतूने धाडलेल्या मेलची. पहिलीसाठी ‘अनसबस्क्राइब’ हा उपाय आहे, तिसरीसाठी ‘रिपोर्ट स्पॅम’ किंवा ‘रिपोर्ट फिशिंग’ हा, आणि दुसरीसाठी यांपैकी एकही नाही. पुढील विवेचन जीमेल डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण सांगली-साताऱ्याकडे वैयक्तिक ईमेल म्हटला की तो बहुधा जीमेलच असतो. इतर सेवांत बटणांची नावे थोडीफार बदलतात, तत्त्व बदलत नाही.

पुसून टाकण्यावर समाधान मानणे

नकोसा मेल दिसला की तो न उघडता पुसून टाकायचा, ही सवय निरुपद्रवी आहे, पण तिचा उपयोगही काही होत नाही. मेल ‘डिलीट’ केल्याने तो नको होता की वाचून झाला होता, हे यंत्रणेला कळत नाही. ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबले, तरच त्या मेलची वैशिष्ट्ये स्पॅम ओळखणाऱ्या गाळणीकडे पोहोचतात आणि त्या धाटणीचे पुढचे मेल अडवले जाण्याची शक्यता वाढते. शिवाय पुसलेला मेल तीस दिवस ‘ट्रॅश’मध्ये पडून राहतो आणि तोवर जागाही व्यापतो. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींना मिळून १५ जीबी एवढीच मोफत जागा असल्यामुळे, लग्नाचे व्हिडिओ ड्राइव्हवर चढवून बसलेल्या माणसाला एके दिवशी नवे मेल येणेच बंद झाल्याचे आढळते. अशा वेळी हजारो छोट्या जाहिराती पुसत बसण्यापेक्षा मोठ्या जोडपत्रांचे मेल आणि फोटोंमधील व्हिडिओ आधी पाहावेत. जागा खरी तिथे गेलेली असते.

‘अनसबस्क्राइब’ कुठेही दाबणे

हे बटण खऱ्या व्यापाऱ्याच्या बाबतीत उत्तम काम करते. दररोज ५,००० किंवा त्याहून अधिक मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांसाठी गूगलने २०२४ पासून नियम कडक केले असून, जाहिरातींच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय देणे आणि तशी विनंती दोन दिवसांत अमलात आणणे त्यांना बंधनकारक केले आहे. ही सोय प्रेषकाच्या नावाशेजारी, जीमेलनेच दाखवलेल्या दुव्यात असते. तिथूनच नाव काढावे. मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेला ‘अनसबस्क्राइब’ हा दुवा मात्र पाठवणाऱ्याने स्वतः घातलेला असतो, आणि पाठवणारा भामटा असेल, तर त्यावर टिचकी मारणे म्हणजे ‘हा पत्ता चालू आहे, इथे माणूस वाचतो आहे’ असे त्याला लिहून देणे होय. कधी तो दुवा पासवर्ड मागणाऱ्या नकली पानावरही नेतो. ज्या दुकानाशी किंवा संस्थेशी आपला कधीच संबंध आला नाही, तिच्याकडून नाव काढून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो मेल सरळ स्पॅम म्हणून कळवावा. उत्तर तर कधीच देऊ नये, रागाने सुद्धा नाही.

कोणाकोणाच्या यादीत आपण अडकलो आहोत, हे पाहायचे असेल, तर जीमेलच्या डाव्या बाजूच्या मेनूत ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ हा विभाग २०२५ मध्ये आला आहे. सर्वांत जास्त मेल पाठवणारे त्यात वर दिसतात. पहिली आठ-दहा नावे काढली, तरी इनबॉक्स बराचसा मोकळा होतो.

‘ब्लॉक’वर भिस्त ठेवणे

फसवणुकीचे मेल पाठवणारा दर वेळी नवा पत्ता वापरतो, त्यामुळे एकेक पत्ता ‘ब्लॉक’ करत बसणे व्यर्थ आहे. जीमेलमध्ये ‘ब्लॉक’ केलेल्याचे मेल थांबतही नाहीत, ते फक्त स्पॅमच्या फोल्डरमध्ये जातात. एखादा ओळखीचाच माणूस नित्यनेमाने ‘सुप्रभात’ची चित्रे धाडत असेल, तर त्याच्यासाठी हे बटण योग्य आहे.

नामबंधूच्या मेलना स्पॅम ठरवणे

या चुकीचा फटका आपल्या भागाला विशेष बसतो. पाटील, जाधव, शिंदे, कदम, मोहिते अशी आडनावे गावोगावी भरलेली. त्यात नावाचे आद्याक्षर आणि आडनाव एवढाच पत्ता असला, की वाळवा तालुक्यातील एखाद्याच्या ट्रॅक्टरच्या हप्त्याची सूचना कराडच्या शिक्षकाच्या इनबॉक्समध्ये येऊन पडते. जीमेल पत्त्यातील टिंब जमेस धरत नाही, म्हणजे नाव आणि आडनावाच्या मध्ये टिंब दिले काय आणि न दिले काय, पत्ता एकच राहतो. त्यामुळे ‘माझ्यासारखाच, पण टिंब नसलेला पत्ता दुसऱ्या कोणाचा तरी आहे’ हा समज चुकीचा असून, अर्ज भरताना त्या गृहस्थाने किंवा त्याचा अर्ज भरणाऱ्याने पत्ता चुकीचा टाकला, एवढेच घडलेले असते.

असे मेल स्पॅम म्हणून कळवले, तर त्याच बँकेत आपलेही खाते असल्यास आपली खरी विवरणपत्रे पुढे स्पॅममध्ये जाऊ लागण्याचा धोका असतो. ‘आपला ईमेल पडताळा’ या दुव्यावर टिचकी मारली, तर परक्याच्या खात्याला आपला पत्ता कायमचा चिकटतो. कुतूहलापोटी त्याचा पासवर्ड बदलून आत डोकावणे हा तर गुन्हाच. त्या बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरील ग्राहकसेवेला एकदा कळवावे आणि सुधारणा होईपर्यंत, मेलमधील त्या व्यक्तीचे पूर्ण नाव धरून, असे मेल वेगळ्या लेबलखाली जातील असा फिल्टर लावावा.

स्पॅमचा फोल्डर कधीच न उघडणे

नकोसा मेल इनबॉक्समध्ये आला, तर फार तर चिडचिड होते. हवा असलेला मेल स्पॅममध्ये गेला, तर नुकसान होते. तरीही बहुतेकांचे सगळे लक्ष पहिल्या गोष्टीकडे असते. स्पॅममधील मेल तीस दिवसांनी आपोआप कायमचा पुसला जातो, ही गोष्ट इथे ध्यानात ठेवली पाहिजे.

प्राप्तिकराचे उदाहरण घेऊ. विवरणपत्रात त्रुटी असल्यास १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १३९(९) खाली विभाग नोटीस पाठवतो आणि ती दुरुस्त करण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत देतो. ही सूचना ईमेलवर येते. पण दर जुलैमध्ये ‘आपला परतावा मंजूर झाला आहे, येथे टिचकी मारा’ अशा बनावट मेलचा सुळसुळाट होतो, आणि त्यांना कंटाळलेला करदाता ‘इन्कम टॅक्स’ हे शब्द दिसताच मेल स्पॅममध्ये ढकलू लागतो. मग खरी नोटीसही त्याच वाटेने जाते आणि करसल्लागाराकडे पुढच्या वर्षी गेल्यावर सगळा उलगडा होतो. मेल खरा की खोटा याचा निर्णय मेलवरून करूच नये. त्यातील दुव्याला हात न लावता ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाकून ई-फायलिंगच्या पोर्टलवर जावे. नोटीस खरी असेल, तर ती तिथे प्रलंबित कामांत दिसते. बँकेच्या बाबतीतही हाच मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते, आणि हे शेपूट बँकांखेरीज कोणाला मिळत नाही. त्यामुळे ज्या पानावर पासवर्ड मागितला जातो, त्या पानाच्या पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय लावून घेणे फायद्याचे आहे.

सांगलीच्या गणपती पेठेतील हळदीचे किंवा तासगावच्या बेदाण्याचे व्यापारी वैयक्तिक जीमेलवरूनच बाहेरगावच्या गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार करत असतील, तर त्यांनी आठवड्यातून एकदा तरी स्पॅम चाळावा. अनोळखी पत्ता, इंग्रजी मजकूर आणि सोबत दरपत्रक मागणारे जोडपत्र, असा मेल गाळणीच्या नजरेत सहज संशयित ठरतो. खरा मेल सापडला, तर ‘नॉट स्पॅम’ दाबावे आणि त्या पत्त्याची संपर्कयादीत नोंद करावी. मात्र स्पॅममध्ये असताना जोडपत्र उघडू नये.

शब्दांवर आधारलेले फिल्टर

‘लोन’, ‘ऑफर’, ‘बक्षीस’ हे शब्द असलेला मेल आपोआप पुसला जावा, असा फिल्टर लावण्याची युक्ती आकर्षक वाटते. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने ती केली, तर नोकरीचे ऑफर लेटरही त्याच कचऱ्यात जाते, आणि ते कधी आले होते हे त्याला कळतही नाही. नामबंधूच्या मेलचा अपवाद सोडला, तर फिल्टर शब्दावर नव्हे, प्रेषकाच्या पत्त्यावर लावावा, आणि त्याला पुसण्याची आज्ञा न देता ‘इनबॉक्स टाळून लेबलखाली ठेवा’ एवढेच सांगावे. खूप दिवस वाट पाहूनही एखाद्याचे मेल मिळत नसतील, तर सेटिंग्जमध्ये जाऊन जुने फिल्टर आधी तपासावेत. आपणच लावलेला फिल्टर पुढे आपल्याच आठवणीत राहत नाही.

स्वतःच्याच पत्त्यावरून आलेल्या धमकीला घाबरणे

‘तुमचा संगणक माझ्या ताब्यात आहे, कॅमेऱ्यातून तुमचे चित्रीकरण केले आहे, बिटकॉइनमध्ये पैसे भरा’ असा मेल येतो, पाठवणाऱ्याच्या जागी आपलाच पत्ता असतो आणि पुरावा म्हणून आपला एखादा खरा पासवर्डही लिहिलेला असतो. माणूस हादरतो, आणि लाजेपोटी घरात कोणाला सांगत नाही. त्यामागची यंत्रणा मात्र साधी आहे. ईमेल वाहून नेण्याचे नियम ठरवणारा एसएमटीपी हा संकेत १९८२ सालचा. पोस्टाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तशीच मुभा त्यात होती. नंतर प्रेषकाचा पत्ता खरा आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्या आल्या. संगणकावर मेल उघडून ‘शो ओरिजिनल’ पाहिले, तर त्यांचा निकाल दिसतो आणि खोटा प्रेषक बहुधा तिथे नापास झालेला असतो. उलट तिन्हींत पास झालेला मेल प्रामाणिकच असेल असे नाही, कारण भामट्याने स्वतः विकत घेतलेला पत्ताही या तपासण्या पास होतो.

पासवर्ड आला तो कुठल्यातरी जुन्या संकेतस्थळावरून झालेल्या माहितीच्या गळतीतून. संगणकसुरक्षेचे तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर आपला पत्ता कोणकोणत्या गळतींत सापडला आहे, हे मोफत पाहता येते. तो पासवर्ड अजून जिथे चालू असेल तिथे बदलावा, द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी, आणि पैसे भरू नयेत. सीबीआय किंवा सायबर पोलिसांच्या नावाने जोडपत्रात येणाऱ्या ‘समन्स’लाही हाच न्याय लावावा.

न पाठवलेले मेल परत आल्याच्या सूचना येऊ लागल्या, तर ‘सेंट’ फोल्डर पाहावा. तो स्वच्छ असेल, तर केवळ आपल्या नावाचा गैरवापर झाला आहे आणि तो काही दिवसांत ओसरतो. तिथे अनोळखी मेल असतील, तर मात्र कोणीतरी खरोखर आत शिरले आहे. अशा वेळी नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण घुसखोर सेटिंग्जमध्ये आपल्या पत्त्याकडे मेल वळवणारी सूचना किंवा एखादा फिल्टर ठेवून गेलेला असू शकतो, आणि ती पासवर्ड बदलल्यावरही चालूच राहते. फॉरवर्डिंग, फिल्टर, पुनर्प्राप्तीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक आणि साइन-इन असलेली उपकरणे या चारही जागा तपासाव्यात.

अचानक आलेला पूर सरसकट पुसणे

तासाभरात परदेशी संकेतस्थळांच्या शेकडो ‘नोंदणीबद्दल धन्यवाद’ छापाच्या मेलचा पाऊस पडला, तर हात आखडता घ्यावा. हा पूर बऱ्याचदा एखादा मेल दडवण्यासाठी सोडलेला असतो: खात्यातून पैसे गेल्याचा, नवी ऑर्डर नोंदल्याचा किंवा पासवर्ड बदलल्याचा. आधी बँकेचे ॲप उघडून व्यवहार पाहावेत, इनबॉक्समध्ये बँकेचे आणि खरेदीच्या ॲपचे नाव शोधावे, आणि मगच साफसफाईला लागावे.

पत्ता वाटत सुटणे, आणि दुसऱ्याच्या हाती देणे

नवा मोबाइल घेताना दुकानातील मुलाने घाईघाईत ईमेल काढून दिला, पासवर्ड म्हणून मोबाइल क्रमांक ठेवला आणि पुनर्प्राप्तीसाठी दुकानाचाच क्रमांक दिला, अशी खाती आपल्याकडे कमी नाहीत. त्या खात्यावर पुढे बँक, आधार आणि भविष्यनिर्वाह निधी सगळेच जोडले जाते. ज्यांचा पत्ता असा निघाला असेल, त्यांनी आजच पासवर्ड आणि पुनर्प्राप्तीचा क्रमांक बदलावा. शासकीय कामे आणि बँक यांसाठी एक पत्ता राखून ठेवावा; प्रदर्शनातील सोडतीची कुपने, दुकानाची सवलत कार्डे आणि लॉजचे वाय-फाय यांसाठी दुसरा असावा. जीमेलमध्ये पत्त्यातील नावानंतर अधिकचे चिन्ह आणि प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा शब्द जोडला, तरी मेल आपल्यालाच मिळतो, त्यामुळे कोणी पत्ता पुढे विकला हे ओळखता येते. काही संकेतस्थळे मात्र असा पत्ता स्वीकारत नाहीत.

तक्रार चुकीच्या ठिकाणी करणे

१९०९ या क्रमांकावर नोंद केली की नकोसे मेलही थांबतील, असे अनेकांना वाटते. ती सोय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या अखत्यारीतील जाहिराती कॉल आणि एसएमएस यांच्यापुरती आहे. ईमेलशी तिचा संबंध नाही. अमेरिकेत २००३ पासून जाहिराती ईमेलसाठी स्वतंत्र कायदा आहे, तसा भारतात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील उपद्रवी ईमेलचा उल्लेख असलेले कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. फसवणूक झाली असेल, तर मात्र त्याच कायद्यातील ६६क (ओळखचोरी) आणि ६६ड (तोतयेगिरी करून फसवणूक) ही कलमे लागू होऊ शकतात. पैसे गेले असल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली गेली तरच ती हाती लागते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. पुरावा म्हणून मेलचे छायाचित्र किंवा पुढे पाठवलेली प्रत अपुरी पडते, कारण मेल कुठून कसा आला याची नोंद त्यात उरत नाही. मूळ मेल न पुसता ‘शो ओरिजिनल’मधून तो पूर्ण उतरवून घ्यावा आणि तीच फाइल तक्रारीला जोडावी.