प्रोसेसर तापतोय? आधी या चुका टाळा

एप्रिल लागला की अकोल्यातल्या माझ्या दुकानात एकच प्रश्न येतो: "भाऊ, सीपीयू ऐंशीवर गेला, जळेल काय?" सीपीयू म्हणजे प्रोसेसर असा जळत नाही. हल्लीचा प्रोसेसर मर्यादा गाठली की स्वतःच वेग उतरवतो, आणि तरीही पारा चढत राहिला तर मशीन बंद पाडतो.

पहिली चूक म्हणजे सगळ्यांना एकाच पट्टीने मोजणे. इंटेल कोअर आय ५-१२४०० ची मर्यादा १०० अंश सेल्सिअस, एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्सची ९५, रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९. रायझन ७ ७७००एक्स तर पूर्ण भारावर ९५ ला जाऊन बसू शकतो, तो बनवलाच तसा आहे. त्याला घाबरून प्रोसेसरवर बसवायचा मोठा कूलर आणला तरी आकडा कधीकधी तोच दिसतो, वेग मात्र वाढलेला असतो.

दुसरी चूक, थंड देशातल्या यूट्यूबरचा आकडा बघून जीव टांगणीला लावणे. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. आपल्या उन्हाळ्यात काही न करता ४५-५०, गेम खेळताना ७०-८० दिसलं तर खुशाल खेळा. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ७० दिसलं, तर मात्र कॅबिनेट उघडा.

असाच एक कॉलेजचा पोरगा आला होता. घरीच जुळवलेला नवा पीसी, सुरू केला की मिनिटभरात ९८. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट दोनदा बदलून झाली होती. मी कूलर उचलला तर पेस्टचा ठसा तीन बाजूंना पातळ पसरलेला, चौथ्या कोपऱ्यात मात्र ट्यूबमधून निघाली तशी जाड. बोर्ड उलटा करून पाहिला, तर एक प्लास्टिकची पिन आरपार गेलीच नव्हती, तिची पांढरी टोकं दुमडली होती. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरला अशा चार पिना असतात. त्या तिरक्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, 'टक' आवाज ऐकायचा आणि मागून टोकं बघायची. डोक्यावरचा बाण पिन सोडवण्याची दिशा दाखवतो, बसवण्याची नव्हे. निम्मे लोक इथेच फसतात.

पेस्ट किती? वाटाण्याच्या दाण्याएवढी. ती धातूंमधल्या बारीक फटी भरायला असते. जाड थापली तर तीच गोधडी होते. नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरणारेही दरवर्षी भेटतात. हसू नका, मीही एकदा विसरलोय.

वऱ्हाडातली खास चूक: पीसी थेट डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवणे. ओली हवा आणि धूळ मिळून हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरच्या कूलरमधल्या धातूच्या पात्यांवर चिखल बसतो, तो ब्लोअरनेही निघत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते.

मोजमापाचं म्हणाल तर टास्क मॅनेजरवर विसंबू नका, त्यात प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम घ्या आणि 'थर्मल थ्रॉटलिंग'पुढे (तापल्यामुळे वेग उतरवणं) 'यस' आलंय का ते बघा. क्षणभर ९० ला उडी मारून खाली आला तर सोडून द्या. जुन्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्सवाल्यांना तर काही प्रोग्रॅम २० अंश वाढवूनच दाखवतात.

शेवटची चूक महागात पडते. एएम४ बोर्डावरचा (एएमडीच्या ५६००एक्ससारख्या जुन्या रायझनचा) कूलर थंड असताना सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग वीज बंद करून, पकड सोडवून कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत काढा.