जानेवारीत सोलापूरला यायचंय? गड्डा, हुरडा आणि येळवस कसं जमवायचं

नाताळची सुट्टी लागली की अर्धं सोलापूर महाबळेश्वरच्या गाड्या शोधतं, आणि बाहेरचे पाहुणे आम्हाला विचारतात की तुमच्याकडे उन्हाशिवाय आहे तरी काय. तर बाबांनो, सोलापूर बघायचं असेल तर मेमध्ये येऊच नका, जानेवारीत या. पहाटे स्वेटर लागतो, दुपारी टोपी लागते, दोन्ही बॅगेत टाका. आणि चार दिवसात सगळं उरकायचा प्लॅन करू नका, एक दिवस यात्रेला आणि एक सकाळ शेताला एवढं पक्कं धरा, बाकीचं जमलं तर जमलं.

आधी तारखा. सिद्धेश्वर यात्रा संक्रांतीला धरून असते, साधारण १३ ते १७ जानेवारी. पहिल्या दिवशी यन्नीमज्जन, म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापन केलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा, तिसऱ्या दिवशी होमप्रदीपन, चौथ्या दिवशी शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांचं वस्त्र उतरवणं. एकच दिवस मिळत असेल तर डोळे झाकून अक्षतेचा घ्या. एक दिवस आधी म्हणजे १२ जानेवारीला पोचलात तर चार हुतात्मा पुतळ्याकडे जाऊन या, १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली होती. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्सप्रेस त्यांच्याच नावाची, हे रोज त्या गाडीने येजा करणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं.

अक्षतेच्या दिवशी सकाळी यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, आम्ही नुसतं काठ्या म्हणतो. ही उंचच उंच काठी पांढरी बाराबंदी घातलेला एकच माणूस पेलतो, बाकीचे बाजूने चालतात आणि दमला की दुसरा घेतो. टीव्हीवर बघून ते कळत नाही, जवळून बघा. काठी जरा कलली की सगळी गल्ली श्वास धरते, पेलणारा गुडघ्यात किंचित वाकतो, पाय जागच्या जागी सरकवतो, काठी सरळ होते आणि मग एकच आवाज उठतो, एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र! त्यासाठी महिनाभर आधीपासून पोरं सराव करत असतात, डिसेंबरात रात्री गल्लीत काठी दिसली तर थांबून बघा, ते फुकटात मिळतं आणि गर्दीही नसते.

मग काठ्या जातात सिद्धेश्वर तळ्याकाठच्या सम्मती कट्ट्यावर. कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं अशी कथा आहे आणि दरवर्षी तेच लग्न लागतं. दुपारी सम्मती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचून होते, लोक सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम म्हणतात आणि अक्षतांचा पाऊस पडतो. तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे सकाळी लवकर जाऊन सावलीची जागा धरा, पाण्याची बाटली जवळ ठेवा, लहान पोरांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका. कार घेऊन आत शिरायचा विचारही करू नका, गाडी लांब लावा आणि चालत या. म्हाताऱ्या माणसांना त्या गर्दीत नेण्यापेक्षा वाटेवरच्या एखाद्या ओळखीच्या घराच्या गच्चीवर बसवा, काठ्या खालून जातात आणि दर्शन निवांत होतं. सोलापुरात ओळख नसेल तरी विचारून बघा, यात्रेत लोक नाही म्हणत नाहीत.

होमाच्या रात्री पहिल्या काठीला नागफणा बांधतात, ते वजन वेगळंच, आणि होमानंतर वासराची भाकणूक होते, वासरू काय खातं काय नाही यावरून पाऊसपाणी आणि बाजारभावाचा अंदाज सांगतात. विश्वास ठेवा न ठेवा, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर हाच विषय असतो.

गड्डा म्हणजे होम मैदानावरची जत्रा, ती या पाच दिवसांनंतरही चालू राहते. पाळणे, मौत का कुआँ, बांगड्या, भांडी, भजी, सगळं. घाई नसेल तर काठ्यांचे दिवस सोडून नंतरच्या एखाद्या साध्या वारी संध्याकाळी जा, रविवारी गेलात तर फक्त दुसऱ्याची पाठ दिसेल.

आता हुरडा, माझ्या मते खरा हिवाळा इथंच आहे. डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत शाळू ज्वारीची कणसं हुरड्यात येतात. हल्ली रिसॉर्टवाले पण हुरडा पार्टी करतात, डीजे लावून, त्याला जायचं असेल तर जा, पण ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर बसण्याची सर त्याला नाही. दाणा नखाने दाबला की दूध यायला पाहिजे आणि तरी भरलेला पाहिजे, पांढरा टणक झाला की वेळ गेली. जमिनीत उथळ खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, ही आगटी. जाळ पूर्ण बसू द्या, जाळावर धरलेलं कणीस वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. निखारा झाला की कणसं आत खोचा, दांडा बाहेर, फिरवत राहा. खमंग वास सुटला की काढा आणि गरम असतानाच चोळा, हात भाजतो, भाजू द्या, थंड कणीस नीट चोळत नाही. मग फुंकून कोंडा उडवायचा आणि गरम दाणे शेंगाचटणी, गूळ, दही याबरोबर खायचे. पोरांना घेऊन गेलात तर शेजारी हरभऱ्याचा हुळा पण भाजा, तोंडं काळी करायची मजा त्यांनाच. हुरडा पोटाला जड असतो, वर पाण्याऐवजी ताक प्या आणि त्या दिवशी घरी जेवायचं ठेवू नका. शेतकऱ्याला आधी फोन करा, एक एक कणीस म्हणजे त्याची ज्वारीच असते, पैसे विचारून द्या, तो नको म्हणाला तरी द्या.

सुट्टी डिसेंबरात असेल तर कॅलेंडरमध्ये वेळ अमावस्या बघा, मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्याकडे येळवस. अक्कलकोट, बार्शी, तिकडं लातूर धाराशिवला तर त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पूजेला दगडांचे पांडव मांडलेले, आणि जेवायला भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. भज्जी म्हणजे भजी समजू नका, ती ओला हरभरा, वाटाणा, शेंगदाणे आणि पालेभाज्या घालून बेसनात शिजवलेली पातळ भाजी असते. आमंत्रण लागत नाही, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. आणि जेवणावळ जमिनीवर असते, खाली टाकायला एखादी जाड सोलापुरी चादर न्या.

पक्ष्यांचं वेड असेल तर नान्नजचं माळढोक अभयारण्य बार्शी रोडवर आहे. माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका, ते आता फारच थोडे उरलेत, पण काळवीट आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या ससाणे बघायला पहाट चांगली. परवानगी आणि वेळ वनविभागाकडे आधी विचारा. तुळजापूर रोडचा हिप्परगा तलाव जवळ आहे, तासाभरात होतो. उजनीवर फ्लेमिंगो बघायला भिगवणकडं जायचं तर ते पुण्याहून येताना वाटेत उरकलेलं बरं, सोलापूरहून मुद्दाम जाण्यात दिवस जातो.

तिकीट शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रीची आहे, सकाळी इथं उतरता. यात्रेच्या दिवसात परतीचं कन्फर्म मिळत नाही, ते आधी काढा. आणि शेंगाचटणी, कडक भाकरी स्टेशनवर पळताना घेऊ नका, आदल्या दिवशीच गावात घेऊन ठेवा.